छिन्नीवाले मेश्राम

आमच्या कंपनीत तीन मेश्राम होते. स्टोअरमधले मेश्राम, फोर्कलिफ्टवाले मेश्राम आणि छिन्नीवाले मेश्राम. पहिल्या दोघांना शोधायला माणूस पाठवावा लागे. तिसऱ्यांना शोधायची वेळच येत नसे. कुठल्याही मशीनचा आवाज जरा बदलला की ते आपले आपण तिथे येऊन उभे असत. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात तीन पौंडी हातोडी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता कुणीतरी खरं बोलायला हरकत नाही.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग जोडतो. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, वरून आणि खालून तांब्याची टोकं दाबायची आणि क्षणभर प्रचंड करंट सोडायचा. त्या ठिपक्यापुरते दोन्ही पत्रे आतून वितळतात आणि एक होतात. याला स्पॉट वेल्डिंग म्हणतात. एका गाडीत असे हजारो ठिपके असतात आणि गाडी घेणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही. वर रंग चढतो, रबर बसतं, आतून अस्तर लागतं. माणूस गाडीचा रंग बघून पैसे मोजतो, दहा वर्षं चालवतो, विकून टाकतो, आणि आपला जीव इतकी वर्षं कशाच्या भरवशावर होता हे त्याला कधी कळत नाही.

मी तिथे क्वालिटीत लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मेश्रामभाऊंनी माझं नाक कापलं. मी नागपूरच्या महाल भागातली. आमच्या घरात सगळे सरकारी कचेरीत फायली सांभाळलेले, कारखान्यात जाणारी मीच पहिली. त्यामुळे नवे सेफ्टी शूज, नवा क्लिपबोर्ड आणि ताठ मान असा माझा थाट होता. एका ट्रॉलीतले सगळे भाग बघून मी हिरवी खूण केली. मेश्रामभाऊ शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे तुम्ही कशानं पास केलं?"

मी म्हटलं, बघून. ठिपके गोल आहेत, जागेवर आहेत.

त्यांनी त्यातला एक भाग उचलून शिकंज्यात आवळला, दोन पत्र्यांच्या फटीत छिन्नी घातली आणि दोनदा ठोकलं. पत्रे न चिकटलेल्या पाकिटासारखे उघडले. वरून गोल ठिपका होता, आत काहीच जुळलेलं नव्हतं.

"डोळ्यानं लोक पोरगी पाह्यतेत मॅडम," ते म्हणाले, "अन् तिथंबी फसतेत."

मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. लाइनवरच्या चार बायका हसल्या होत्या, त्यांची नावंसुद्धा मी मनात लिहून ठेवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक छोटी छिन्नी ठेवलेली होती, माझ्या हाताच्या मापाची. चिठ्ठी नाही, काही नाही. ती त्यांनी घरी बनवली होती. त्यांना बाजारची छिन्नी चालत नसे. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आणायचा, घरच्या अंगणात भट्टी लावायची आणि स्वतः घडवायची. ही विद्या त्यांच्या वडिलांची. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लोहाराच्या हाताखाली घण मारायचे.

त्यांच्या लाइनवर एक रिवाज होता. प्रत्येक पाळीला जो पहिला चांगला पीस निघेल, तो फोडायचा. बायका त्याला बोहणीचा पीस म्हणत. चांगला पीस फोडायचा याचं नव्या मॅनेजरांना फार दुःख व्हायचं. पण मेश्रामभाऊंचं म्हणणं असं, की वाईट पीस कुणीही फोडते, त्यातून काय कळते? छिन्नी ठोकल्यावर जोड खरा असेल तर जोड सुटत नाही. शेजारचा पत्राच फाटतो, आणि वितळून एक झालेला तेवढा गोळा दुसऱ्या पत्र्यावर चिकटून राहतो. शर्टाच्या बटणासारखा दिसतो, म्हणून त्याला बटणच म्हणतात. चण्याच्या डाळीएवढा असतो. तो गोळा ते छाटून काढत आणि एका काचेच्या बरणीत टाकत. बरणी मूळची कैरीच्या लोणच्याची. प्रत्येक भागाची वेगळी बरणी, आणि बरणीवर गाडीचं नाव. वरून साहेब लोक आले आणि अहवाल मागू लागले, की मी फाइल शोधेपर्यंत मेश्रामभाऊ बरणी हलवून दाखवत.

या बटणांपैकी एकही त्यांनी कधी खिशात घातलं नाही. आमच्या गेटवर नियम आहे, आत आणलेली आणि बाहेर नेलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. बाकीचे लोक मोबाइलसुद्धा लिहीत नाहीत. मेश्रामभाऊ रोज सकाळी लिहायला लावत, "छिन्नी, एक नग, स्वतःची", आणि संध्याकाळी, "छिन्नी, एक नग, परत". गेटवरचा पांडे एकदा कंटाळून म्हणाला, बाबूजी, पूरा नागपूर जानता है ये आपकी है. मेश्रामभाऊंनी त्याला शांतपणे सांगितलं, की नागपूर सही करत नाही, सही तुला करायची आहे. पांडेने सही केली. त्यानंतर वर्षानुवर्षं तो करत राहिला.

त्यांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा होता. ठिणग्यांचा.

वेल्डिंग म्हटलं की लोकांना ठिणग्या हव्या असतात. मेश्रामभाऊ म्हणायचे, ठिणगी म्हणजे आतला माल बाहेर आला. जो जोडायला हवा होता तोच उडून गेला, मग लोक टाळ्या कशाच्या वाजवतात? त्यांच्या लाइनवर चांगलं वेल्डिंग नुसतं 'ठप्प' असं वाजे. एकदा कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर आला. दिवसभर हिंडून तो रडकुंडीला आला, कारण त्याला दिव्याखाली शांतपणे ठप्प-ठप्प करणाऱ्या बायकांशिवाय काही मिळेना. शेवटी आमचे प्लँट मॅनेजर राऊतसाहेब यांनी हुकूम सोडला, की फोटोपुरती ठिणगी उडवा. मेश्रामभाऊंनी हुकूम मानला. करंट वाढवला, दिवाळीच्या झाडासारख्या ठिणग्या उडाल्या, फोटो झकास आला. मग त्यांनी तो पीस उचलला, लाल रंगाचा फराटा मारला आणि रिजेक्टच्या पेटीत टाकला. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा त्याची एक प्रत लाइनवर लावलेली दिसली. त्या फोटोवरही लाल फराटा होता. राऊतसाहेबांनी ती काढली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा असते. मेश्रामभाऊ पूजेत नसत, पण सकाळपासून उभे राहून एकच गोष्ट बघत, की कुणी तांब्याच्या टोकांना हळदकुंकू लावत नाही ना. हार घाला, नारळ फोडा, पण टोकाला बोट लावू नका, करंट अडतो. दसऱ्याच्या दिवशी ते दीक्षाभूमीवर असत. त्यांचे आजोबा छप्पन साली तिथे उभे होते. मेश्रामभाऊ दरवर्षी बाहेरगावच्या लोकांना पाणी द्यायला उभे राहत. त्या दिवशीची त्यांची रजा कुणाला मंजूर करावी लागत नसे.

तर असा हा माणूस, आणि एक दिवस त्याची छिन्नी खोटी पडली.

झालं असं, की एका मोठ्या गाडी कंपनीने नवी गाडी काढायचं ठरवलं आणि तिच्या दोन दरवाजांमधला खांब आमच्याकडे द्यायचा विचार केला. गाडीला बाजूने धडक बसली तर माणसाच्या बरगड्यांच्या आणि समोरच्या ट्रकच्या मध्ये जे काही उभं असतं ते म्हणजे हा खांब. त्यासाठी त्यांनी नवं पोलाद पाठवलं. पातळ, हलकं, पण जुन्या पत्र्याच्या कितीतरी पट ताकदीचं. राऊतसाहेबांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं. जुन्या गाडीचं काम वर्षभरात संपतंय. हा खांब मिळाला तर मेश्रामभाऊंची तीन नंबरची लाइन चालेल. नमुने नापास झाले तर काम आमच्याच कंपनीच्या पुण्याच्या प्लँटला जाईल, मशीनं तिकडे जातील, आणि लाइनवरच्या तीस जणांना पुण्याला जा नाहीतर घरी बसा, असं सांगावं लागेल. त्या तिसांत एकवीस बायका होत्या. वाडी, हिंगणा, इसासनीकडून स्कूटीवर येणाऱ्या. त्या पुण्याला कुठे जाणार होत्या?

मेश्रामभाऊ नवी बरणी घेऊन आले. धुतलेली, पुसलेली. त्यावर नव्या गाडीचं नाव लिहिलं आणि लाइनच्या मध्यावर फळीवर ठेवली. सगळ्यांच्या देखत राऊतसाहेबांना म्हणाले, "आठ दिवसांत यात बटण पडते साहेब."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. बरणी रिकामी होती.

छिन्नी ठोकली की पत्रा फाटायचाच नाही. जोडच मधून तुटायचा, काचेसारखा, साफ. दोन्ही पत्र्यांवर अर्धा-अर्धा चकाकता ठिपका. मेश्रामभाऊंनी तीस वर्षांच्या अनुभवाने जे करायचं तेच केलं. जोड कमजोर आहे, म्हणजे बटण लहान आहे, म्हणजे करंट वाढवा. करंट वाढला, बटण मोठं झालं आणि तरीही तुटलं. अजून वाढवला, तर ज्या माणसाच्या लाइनवर ठिणगी उडत नसे तिथे ठिणग्यांचा पाऊस पडायला लागला. बायकांच्या बाह्यांना भोकं पडली. रोज संध्याकाळी ठिणग्यांनी मशीनवर साचलेला मळ त्या घासत बसायच्या. आणि छिन्नीची धार त्या पोलादावर दाणादाण व्हायची. त्या पंधरा दिवसांत त्यांनी सहा छिन्न्या घालवल्या.

सोळाव्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, काहीतरी आशेचं बोलतील.

"माहं चुकलं," ते म्हणाले. "हे पोलाद कमजोर नाही, लय कडक हाय. मी त्याले जुनंच समजून राहिलो. आठ दिवस म्हटलं ते मी नाही, माही आदत बोलली. आता मले येत नाही, हे पयले समजून घ्या."

मी अनेक साहेबांच्या सभा ऐकल्या आहेत. इतकं नीट बोलणं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. कारण ज्याला येतं असं आम्ही धरून चाललो होतो, त्यालाच येत नव्हतं.

मग पुण्याहून कंपनीचे वेल्डिंग इंजिनिअर जोगळेकर आले. वय तिशीच्या आत, डोक्यात सगळं पोलाद पाठ, वागायला गोड. मला त्यांच्यात दोष काढायचा होता, पण सापडेना. त्यांनी एका दिवसात दुखणं सांगितलं. करंट थांबला की तांब्याची गार टोकं त्या वितळलेल्या ठिपक्यातली उष्णता ओढून घेतात. जुना पत्रा त्याने बिघडत नसे. हे पोलाद मात्र असं झपकन थंड झालं की काच होतं. त्यावर उपाय पुस्तकात आहे. पहिल्या ठोक्यानंतर करंटचा दुसरा, हलका ठोका द्यायचा, म्हणजे कडकपणा उतरतो. मेश्रामभाऊंनी ते वहीत उतरवून घेतलं. शाळेच्या पोराची असते तशी दोनशे पानी वही त्यांनी यासाठी आणली होती, आणि सोबत इंग्रजी-मराठी शब्दकोश. जोगळेकरांनी दुसरा ठोका बसवला. कमी केला, वाढवला, लांबवला. आठवडा गेला. जोड तुटतच राहिले. गाडी कंपनीच्या तपासणीला पंधरा दिवस उरले होते, आणि पुण्याहून मशीनची मापं मागणारं पत्र आलं होतं. ते पत्र मीच उघडलं आणि दोन दिवस कुणाला दाखवलं नाही.

त्या रविवारी बुद्धपौर्णिमा होती. मेश्रामभाऊ दरवर्षी आम्हाला इंदोरा वस्तीतल्या घरी खीर खायला बोलवत. मला वाटलं, यंदा बोलावणार नाहीत. पण बोलावलं, आणि जोगळेकरांनाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई वाट्या भरत होत्या आणि नवऱ्याची खिल्ली उडवत होत्या. "तीस वर्सं झाले, हे कारखान्यात काय करते मले मालूम नाही. म्या म्हटलं, दाखवा ना कधी. त रस्त्यावरची गाडी दाखवते अन् म्हणते, आत हाय."

सगळे हसले. मेश्रामभाऊ अंगणात होते. छिन्न्या संपल्या होत्या म्हणून भट्टी लावून बसले होते, पाहुणे आले तरी. जोगळेकर खिरीची वाटी घेऊन शेजारी उकिडवे बसले. मेश्रामभाऊंनी छिन्नीचं तोंड लाल केलं आणि बादलीत बुडवलं. याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. बाहेर काढून त्यावर कानस फिरवली. कानस घसरली, ओरखडाही उठला नाही.

"आता हा दगड झाला," त्यांनी जोगळेकरांना सांगितलं. "ठोकलं त टवका निंघते. आता याले जराशी ऊब द्याची. तणसासारखा पिवळा रंग आला का कडकपणा उतरते, अन् धार राह्यते."

जोगळेकर म्हणाले, हे तर आमच्या दुसऱ्या ठोक्यासारखंच आहे. मग त्यांनी विचारलं, की आधी पूर्ण गार करून परत कशाला तापवायचं? अर्धवट गरम असतानाच पाण्यातून काढून ऊब दिली तर वेळ वाचेल.

"तसं नाही जमत. पुरं थंड झाल्याबिगर ते कडकच होत नाही. मंग उतरवता काय? तुम्ही ऊब देत राह्यता, अन् तुमची पाठ फिरली का ते मागून कडक..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांच्या हातातला चिमटाही थांबला. त्यांनी वळून जोगळेकरांकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही दोन ठोके देता, त्याच्या मधात किती थांबता?"

जोगळेकरांनी चमचा वाटीत ठेवला. सेकंदाचा पाचवा भाग, ते हळूच म्हणाले. लाइनचा वेग कमी होऊ नये म्हणून.

"मंग ते थंडच नाही झालं."

जोगळेकरांनी वाटी जमिनीवर ठेवली. यशोदाबाईंनी दारातून विचारलं, की खीर बिघडली का? जोगळेकर म्हणाले, नाही काकू, खीर उत्तम आहे, पुस्तकातसुद्धा हेच लिहिलेलं आहे, मीच घाई केली. यशोदाबाईंना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी जोगळेकरांना अजून एक वाटी वाढली.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला रंजना मशीनवर होती. तीन नंबर लाइनवरचा सर्वांत स्थिर हात तिचा. जोगळेकरांनी दोन ठोक्यांमधली थांबण्याची वेळ जवळजवळ एक सेकंद केली. टोकं दाबलेलीच राहणार, करंट बंद, नुसतं थांबायचं, मग हलका दुसरा ठोका. मशीनच्या जगात एक सेकंद म्हणजे दुपारची झोप. रंजनाला ते जड जात होतं, तिचा हात सवयीने पुढे पळायचा. मेश्रामभाऊ तिच्यामागे उभे राहून म्हणत होते, "दम धर वं. दम धर. हां, आता." ठिणगी एकही नाही. ठप्प, आणि थोड्या वेळाने एक बारीकसा ठक.

पीस शिकंज्यात आवळला. नवी छिन्नी फटीत घातली. पहिला घाव, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या घावाला पत्रा कुरकुरला, वळला आणि फाटला. गोळा दुसऱ्या पत्र्यावर उभा होता. अख्खा, गोल.

त्यांनी तो बरणीत टाकला. रिकाम्या काचेत टण्ण असा आवाज झाला. मी चष्मा पुसायचं नाटक केलं, पण मी रडत होते आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

राऊतसाहेब मात्र घड्याळ घेऊन उभे होते. प्रत्येक ठिपक्याला एवढा वेळ लागला तर दिवसाचे नग कसे भरणार, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. उत्तर रंजनाने दिलं. ठिणग्यांमुळे साचलेला मळ घासण्यात रोज दीड तास जातो, आता मळच नाही, तो दीड तास घ्या. राऊतसाहेबांनी तिथल्या तिथे कागदावर हिशेब मांडला, दोनदा मांडला आणि कागद खिशात घातला. लाइनवरच्या बायकांनी त्या थांबण्याला 'दम' असंच नाव दिलं. मशीनच्या पडद्यावर त्याचं इंग्रजी नाव आहे, ते मलाही आता आठवत नाही.

तपासणीच्या दिवशी गाडी कंपनीकडून एक बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. आम्ही टेबलावर पांढरं कापड अंथरून दहा नमुने मांडले होते. त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ लाइनवर गेल्या आणि चालू ट्रॉलीतून, तळातून, स्वतःच्या हाताने तीन खांब काढले. राऊतसाहेबांचा चेहरा पडला. मेश्रामभाऊंचा खुलला. मला वाटतं, आयुष्यभर ते अशाच पाहुण्याची वाट बघत होते. त्यांनी छिन्नी आणि हातोडी बाईंच्या पुढे धरली आणि म्हणाले, "तुम्हीच मारा मॅडम. आमच्या हातानं फोडलं त आमचंच खरं होते."

बाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला. घाव चांगला घालत होत्या, हे कबूल करते. पहिल्या खांबाचा पत्रा फाटला, बटण राहिलं. दुसऱ्याचा फाटला, बटण राहिलं. तिसऱ्याला त्यांना घाम फुटला, त्यांनी सात घाव घातले. लाइनवरची सगळी मशीनं बंद होती. एकवीस बायका आणि नऊ पुरुष भोवती उभे होते. सातव्या घावाला पत्रा फाटला. बाईंनी बटणाचं माप घेतलं, परत घेतलं, वहीत लिहिलं. मग छिन्नी उलटीसुलटी करून बघितली. धारेला टवका गेलेला नव्हता.

त्यांनी हिंदीत विचारलं, ये कहाँ से मँगाते हैं?

"इंदोरा," मेश्रामभाऊ म्हणाले.

ती तिन्ही बटणं बरणीत पडली. काही दिवसांनी प्रयोगशाळेचा निकालही पास आला आणि काम नागपूरला मिळालं. पुण्याहून मशीनची मापं मागणाऱ्या पत्राला उत्तर लिहायचं काम राऊतसाहेबांनी माझ्याकडे दिलं. मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. इतक्या आनंदाने मी शाळेत निबंधसुद्धा लिहिला नव्हता. आज तीन नंबरची लाइन दोन पाळ्यांत चालते, आणि गेल्या वर्षी तिथे आणखी अकरा बायका लागल्या.

मेश्रामभाऊ काम मिळालं त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी रंजनाने सगळ्यांतर्फे त्यांची छिन्नी मागितली, लाइनवर काचेच्या पेटीत लावून ठेवायला. त्यांनी चक्क नाही म्हटलं. पेटीत ठेवलेली छिन्नी गंजते, आणि मागून घेतलेली छिन्नी आपली होत नाही. त्यांनी शेवटच्या महिन्यात सातजणींना अंगणात बसवून छिन्नी घडवायला शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी भाषणाऐवजी त्यांनी त्या सातही छिन्न्या मागवल्या आणि एकेकीची धार उजेडात धरून रंग पाहिला. दोन परत केल्या, पुन्हा पाणी द्या म्हणून. त्यातली एक माझी होती.

संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कंपनीची एक वस्तू घरी न्यायची होती. मुठीत बटण होतं, त्या खांबाचं, बरणीतलं अगदी पहिलं. चण्याच्या डाळीएवढा भंगाराचा तुकडा. मी म्हटलं, भाऊ, खिशात टाका आणि जा, कोण विचारतंय? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने गेटपासचं पुस्तक काढलं. वस्तू, वेल्डचे बटण. नग, एक. परत येणार की नाही, नाही. शेवटचा रकाना कारणाचा असतो. मी विचारलं, कारण काय लिहू?

ते जरा लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

"लिवा, घरी दाखवण्यासाठी."

मी लिहिलं आणि सही केली. गेटवर पांडेने पास वाचला, उठून उभा राहिला आणि वहीत दोन नोंदी केल्या, छिन्नी एक नग आणि बटण एक नग. मेश्रामभाऊ स्कूटर ढकलत बाहेर पडले. मी खिडकीतून बघत होते. हिंगण्याहून इंदोरा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, संध्याकाळच्या गर्दीत तास कुठे गेला नाही. आम्हा सगळ्यांना 'दम धर, दम धर' शिकवलेला माणूस. स्कूटर सुरू झाली, जेमतेम समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि थांबली. मेश्रामभाऊ उतरले, खिशात हात घातला आणि चहावाल्याच्या तळहातावर ते बटण ठेवलं. शेजारी दोन अनोळखी ट्रक ड्रायव्हर उभे होते, त्यांनाही जवळ बोलावलं.